उशिरा उठणारं मशीन

"सोळा? सोळा म्हंजे किती, ते तरी कळतंय का तुला?"

तुकिजोनं खांद्यावरचा पाल्याचा भारा अंगणात धाडकन टाकला. भाऱ्याचा वास लागताच त्याचा बोकड गेन्दुत दाव्याला हिसके द्यायला लागला. हा बोकड म्हणजे त्याचा जीव की प्राण. लोंबते लांब कान, टोपलीसारखं पोट आणि सगळ्या गावाकडे तुच्छतेनं बघायची सवय.

त्याच्या बायकोनं, वागियेमनं, मान वर केली नाही. ओट्यावर चटई टाकून ती बसली होती आणि पुढ्यात कबाया, म्हणजे बायकांचे लांब बाह्यांचे अंगरखे, शिवायला आलेलं जांभळ्या रंगाचं, फुंकर मारली तर उडेल असं पातळ कापड पसरलं होतं.

"कळतंय की. हाताची बोटं दहा, पायाची पाच, आणि वर एक तुम्ही."

"एक कबाया हातानं शिवायला तीन दिस लागत्यात. लगीन चोवीस दिसांवर. आन् तू मुखियाच्या बायकोला व्हय म्हन्लीस?"

"मग काय न्हाई म्हनू? ती सोता कापड घिऊन आली हुती. माझ्या दारात. उन्हातनं."

तुकिजो भाऱ्याची दोरी सोडायला लागला. त्या दिवसांत आमच्या कालिवारूत मोठ्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणायची रीतच नव्हती. मुखियाची बायको म्हणाली, "वागियेम, तुझ्या हातात सफाई हाय. लग्नात वाढायला सोळा बायका, समद्यांना एकसारख्या कबाया. जमंल न्हवं?" आणि वागियेमनं मान खाली घालून होकार दिला. मुखियाची बायको वळणाआड गेल्यावर मग ती बोटांवर दिवस मोजायला बसली.

काम अंगावर घेतलं होतं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. खालच्या वाडीत एक टेलर होता. त्याच्याकडे मशीन होतं, रंगीत पाटी होती, आणि भिंतीवर मोठा आरसा होता. चोवीस दिवसांत कबाया झाल्या नाहीत तर तो जांभळा गठ्ठा त्याच्या दारी जाणार, आणि त्यामागून अख्ख्या कालिवारूचं कापड. मग वागियेमनं जन्मभर फाटक्या उशांना टाके घालायचे.

"मशीन घ्यायचं," ती म्हणाली.

"कशानं? नारळाच्या करवंट्या दिऊन?"

वागियेमनं गेन्दुतकडे पाहिलं. तुकिजोनंही पाहिलं. गेन्दुतनं पाला चघळणं थांबवलं.

"न्हाई," तुकिजो म्हणाला. पण बायकोच्या तोंडावर नाही म्हणायची सवय त्यालाही नव्हती, त्यामुळे ते फारसं टिकलं नाही.

*

पाच दिवसांच्या आठवड्यातला पोनचा दिवस म्हणजे शहराचा बाजार. ठरलं असं की बोकड सोबत न्यायचा. मनासारखं मशीन एका बोकडाच्या किमतीत मिळालं तरच त्याला विकायचं, नाहीतर परत आणायचं. ही अट तुकिजोची. टेम्पोत पुढे दोघं नवरा-बायको, मध्ये गेन्दुत आणि त्याच्या पलीकडे शेजारची पोनिरा. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण गावात कुणी चमचा घ्यायला निघालं तरी पोनिरा सोबत असायची. वयानं थोडी मोठी म्हणून वागियेम तिला 'यू' म्हणायची, म्हणजे थोरली बहीण.

"मशीन घेताना त्येच्या दातांकडं बघायचं," पोनिरानं सांगितलं.

"यू, ते घोड्याचं."

"मशीनलाबी दात असत्यात. कापड पुढं कोन ढकलतं मग?"

हे मात्र खरं होतं.

दुकानात तीन मशीनं होती. पायानं चालवायचं नवंकोरं मशीन, काळंभोर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. वागियेमला ते पाहून गहिवरून आलं. त्याची किंमत ऐकली आणि गहिवर ओसरला. तीन बोकड.

दुसरं हातानं फिरवायचं, छोटं. हे एका बोकडात बसत होतं. विक्रेता मोठा चटपटीत. त्यानं खळ लावलेल्या कडक कापडाची पट्टी दुहेरी घडी करून सुईखाली सरकवली, हँडल फिरवलं आणि सरळसोट टीप मारून दाखवली.

"बघा! रेघ मारावी तशी."

"आता ह्याच्यावर मारा," वागियेम म्हणाली, आणि तिनं पदराच्या गाठीतून जांभळ्या कापडाचा तुकडा काढला.

विक्रेत्याचा चेहरा जरासा उतरला. कडक पट्टीवर कुठलंही मशीन छान चालतं, हे तिला तिच्या आईनं सांगून ठेवलं होतं. आईकडेही मशीन नव्हतं, पण दुसऱ्यांची मशीनं बघून तिनं आयुष्यभराची अक्कल गोळा केली होती. पातळ कापड सुईखाली गेलं आणि दोन बोटं पुढे सरकताच गोळा होऊन आत ओढलं गेलं.

"तुमचं कापडच वाईट हाय, ताई."

"मुखियाच्या बायकोनं दिलंय. सांगू तिला?"

शिवाय हँडल फिरवण्यात एक हात गुंतलेला. एवढं निसरडं कापड एका हातानं कसं धरायचं? वागियेमनं मान हलवली.

तिसरं मशीन गुलाबी होतं, विजेवर चालणारं. तुकिजो त्याच्यासमोरून हलायला तयार नव्हता. "बारा तऱ्हेचे टाके मारतंय म्हनं. फुलंबी काढतंय. उरलेले पैशे थोडे थोडे करून दिले तरी चालतंय."

"आपल्याकडं वीज कुठाय?"

"पुढल्या वर्सी येनार हाय."

"ते आपल्या लग्नापास्नं ऐकतीय म्या."

"म्हनून तर! आली की आपन तयार!"

पोनिरानं तोंडात पदर कोंबला. विक्रेतासुद्धा हसला. तेवढ्यात बाहेर गलका झाला. गेन्दुतनं दुकानाच्या दारावरची कागदी माळ खाल्ली होती आणि तो पाटीच्या पहिल्या अक्षराकडे वळला होता.

परतीच्या टेम्पोत चौघंही होती. एकटा गेन्दुत तेवढा खुशीत होता. वागियेम मांडीवरच्या तुकड्याच्या घड्या घालत होती, उलगडत होती. तीन दिवस गेले होते. एक कबाया झाली होती, पंधरा राहिल्या होत्या.

"एक मशीन हाय," पोनिरा म्हणाली. "पायाचं. जुनं, लोखंडी. पन तुला न्हाई चालायचं."

"का?"

"रोनोचं हाय."

तुकिजोनं गेन्दुतला जवळ ओढलं.

*

रोनो म्हणजे आमच्या गावचा एकुलता एक शिंपी. सहा वर्षांपूर्वी वारला. हात सोन्याचा आणि अंग आळशी. दहा वाजल्याशिवाय माणूस अंथरुणातून हलायचा नाही. त्याची बायको सादिनेम रोज पहाटेपासून त्याला उठवायची, तिचा आवाज ओढ्यापलीकडे जायचा आणि पलीकडची माणसं त्यावर उठायची. तो गेला तरी तिचा आवाज थांबला नाही. ती आता मशीनला ओरडायची. कारण मशीनही तसंच झालं होतं. सकाळी हलायचं नाही आणि दुपारी आपोआप सुटायचं. दर गुरुवारी संध्याकाळी, गेलेल्या माणसाला ठेवतात तशी, ती मशीनपुढे कॉफी आणि फुलं ठेवायची. रोनो मशीनमध्येच येऊन बसलाय असं गाव म्हणायचं, आणि तिकडून जाताना पावलं उचलायचं.

वागियेम दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली. सोबत पोनिरा होतीच. थंडीचे दिवस होते, सुंबिंग डोंगरावरून बोचरा वारा येत होता. सादिनेमआजी, म्हणजे गावाची 'म्बाह', अंगाभोवती दोन लुगडी गुंडाळून चुलीपाशी बसली होती.

"म्बाह, मशीन इकायचं हाय का?"

"इकायचंय. आता माझ्यानं त्येचा तोरा सोसवत न्हाई. शहरातला भंगारवाला अर्ध्या बोकडाला मागत हुता. पन भंगारात कसं घालू? काई झालं तरी नवरा हाय." तिनं कोपऱ्यातलं फडकं ओढलं. "बघ. पन आता हलायचा न्हाई त्यो."

वागियेमनं चाकाला हात लावला. घट्ट. दोन्ही हातांनी जोर केला. चाक तसूभर सरकलं आणि जणू कुणी आतून धरून ठेवलं.

"बघितलंस?" सादिनेम मशीनकडे वळून ओरडली. "लोकं आल्यात दारात! लाज वाटू दे! मढं कुठलं!" मग वागियेमला हळूच म्हणाली, "दुपारी ये, बाय. दहाच्या आत उपेग न्हाई."

दुपारी ऊन अंगणात आलं, तेव्हा वागियेम परत गेली. तिनं चाकाला बोट लावलं आणि चाक फिरलं. जड फिरलं, पण फिरलं. पोनिरा किंचाळून थेट अंगणात गेली आणि केळीमागून बोलू लागली, "चल गं बाई! चल!"

वागियेमच्याही अंगावर काटा आला होता. पण तिनं पदराच्या गाठीतून तो जांभळा तुकडा काढला, जीभ दातांत धरली, आणि पायानं पट्टी दाबली. मशीन कण्हत कण्हत चाललं. टीप मात्र अशी आली की तिनं तुकडा उजेडात धरून दोनदा उलटसुलट पाहिला. गोळा नाही, ओढ नाही, मुंग्यांची रांग चालावी तशी बारीक. चाक डुगडुगत नव्हतं, सुई सरळ होती, दात झिजले नव्हते. रोनोनं कमी काम केल्याचा हा एक फायदा.

तिला ते मशीन हवंसं झालं. इतकं की चाकावरचा हात काढवेना. पण सकाळी झोपणारं मशीन घेऊन वीस दिवसांत पंधरा कबाया कशा व्हायच्या? आणि मेलेल्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखं रोज बसायचं कसं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं केसांना लावायला खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि उपडी केली. एक थेंब पडेना. गारठ्यानं तेल गोठून मेणासारखं पांढरं झालं होतं. रोजचंच ते. तिनं बाटली चुलीशेजारी ठेवली, तेल कडेनं सुटायला लागलं, आणि वागियेम तशीच मोकळ्या केसांनी तिच्याकडे बघत उभी राहिली.

"काय बघतीयास?" तुकिजोनं विचारलं.

"रोनोबाबा," ती म्हणाली.

तुकिजो दोन पावलं मागे सरला.

आमच्या गावात नारळ उदंड, त्यामुळे खोबरेल तेलाला कशाचीच बंदी नव्हती. केसांना तेच, भाजीला तेच, बाळाच्या टाळूला, कोंबडीच्या जखमेला, दाराच्या बिजागरीला तेच. वागियेम त्याच पावली सादिनेमकडे गेली.

"म्बाह, मशीनला तेल कोनतं घालता?"

"कोनतं म्हंजे? त्येच्या डोक्याला लावत हुते तेच. दर गुरुवारी. चांगलं वाटीभर. त्येला आवडायचं."

सहा वर्षं दर गुरुवारी वाटीभर. वागियेमला हसू आलं आणि लगेच म्हातारीची दयाही आली. रोनोबाबा त्यात कधी नव्हतेच. आत धूळ आणि तेल मिळून डिंक झाला होता, पहाटे तो गोठायचा आणि दुपारी ढिला पडायचा. थोडं रॉकेल आणि चिंध्या, एवढ्यावर ते मशीन दुकानातल्या तीन बोकडांच्या मशीनच्या तोडीचं होतं. आणि हे जगात फक्त तिला माहीत होतं.

*

"गप बसायचं," तुकिजो म्हणाला. "अर्ध्या बोकडात दिईल म्हातारी. अर्धा बोकड वाचंल!"

"अर्धा कसा वाचवनार? कान ठेवनार का शेपूट?"

"ते मागनं बघू."

"तिला खरं सांगितलं तर शहरात तिला अडीच बोकड मिळतील."

"म्हनूनच सांगायचं न्हाई!"

"आन् न्हाई सांगितलं तर ती पुढंबी भुतालाच शिव्या घालत बसंल."

"आता सहा वर्सं घातल्याच की."

दिवसभर वागियेम हातानं शिवत राहिली. टाके नीट येईनात. एक बाही तिनं उलटी जोडली, उसवली, परत उलटीच जोडली. खरं सांगितलं तर मशीन हातचं जाईल, मशीन गेलं तर जांभळा गठ्ठा जाईल. नाही सांगितलं तर त्या मशीनवर बसून ती जी टीप मारेल, तिच्या खाली दरवेळी म्हातारी दिसेल. संध्याकाळी ती उठली आणि नवऱ्याला न सांगता निघाली. पोनिरा वाटेत भेटलीच.

सादिनेम कॉफीची वाटी मशीनपुढे ठेवत होती. गुरुवार होता.

"म्बाह," वागियेम उंबऱ्यातच बसली, "ह्यात रोनोबाबा न्हाईत."

"मग कुठं गेला? आत्ताच तर हुता."

"तेल हाय. खोबरेल. थंडीत गोठतंय, उन्हात सुटतंय. रॉकेलनं धुतलं की नव्यावानी चालंल. शहरात न्या, अडीच बोकड येतील. भंगारवाल्याला दिऊ नका." एका दमात बोलून टाकलं आणि मग तिला वाटलं, झालं, गेलं मशीन.

सादिनेमनं हातातली फुलं खाली ठेवली. वाटीतली वाफ विरत गेली. पोनिरा वागियेमच्या पाठीआडून डोकावत होती.

"म्हंजे," म्हातारी म्हणाली, "सहा वर्सं म्या तेलाशी भांडले?"

"तसंच म्हनायचं."

"आन् ते ऐकून घेत हुतं." तिनं मशीनवरून हात फिरवला. "त्योबी कधी उलटून बोलायचा न्हाई. नुसता पडून ऱ्हायाचा." मग तिनं ती कॉफी उचलली आणि स्वतःच पिऊन टाकली. "गार झाली. अडीच बोकड घिऊन म्या काय करू गं? दात हायत का मला?"

"पैशे हुतील, म्बाह."

"पैशाशी कोन बोलतंय?" तिनं वागियेमकडे नीट पाहिलं. "तुझा त्यो बोकड. लांब कानाचा. सकाळी लवकर उठतोय का?"

वागियेम चाचरली. खोटं बोलायचं नाही असं आज ठरलेलंच होतं. "न्हाई. ऊन अंगावर आल्याबिगर उठत न्हाई. आन् कुनी हाक मारली तर तोंड फिरवतोय."

"असं?" म्हातारीचा चेहरा उजळला. "मग त्योच दे. अख्खा, जित्ता. न्हे मशीन. फकस्त एक कर. तुझं रॉकेल तुझ्या घरी. माझ्या दारात त्येला धुवायचं न्हाई. हितनं जाईस्तवर त्यो त्योच असू दे."

*

शुक्रवारी सकाळी मशीन बांबूला बांधून तुकिजो आणि पोनिराचा नवरा खांद्यावर घेऊन निघाले. मागून म्हातारी, "हळू! आदळू नका! त्येला झोपंत धक्का सोसत न्हाई!" असं ओरडत वेशीपर्यंत आली. तुकिजोचे डोळे ओले होते. मशीन जड आहे म्हणून, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. गेन्दुत सादिनेमच्या अंगणात मागे वळूनही न बघता तिची फुलं खात होता.

दोन दिवस वागियेम आणि पोनिरा रॉकेलनं मशीन धूत होत्या. सहा वर्षांच्या गुरुवारांचा चिकट पिवळा गाळ निघाला, दोन करवंट्या भरून. तिसऱ्या दिवशी पहाटे, दात वाजतील अशा गारठ्यात, वागियेमनं चाकाला बोट लावलं. चाक असं फिरलं की फिरतच राहिलं. त्यानंतर तिला दिवस पुरेनात. अंगणात उजेड फुटायच्या आत टकटक सुरू व्हायची ती भाताची वेळ होईपर्यंत. तुकिजो भात शिजवायला शिकला. करपवून शिकला, पण शिकला. बोकड नसल्यामुळे त्याला सकाळी दुसरं काही करायला नव्हतं.

लग्नाच्या तीन दिवस आधी मुखियाची बायको आली. तिनं कबाया एकेक करून मोजल्या, बाह्या ओढून पाहिल्या, एक टीप नखानं खरवडली. टीप हलली नाही. तिनं काही स्तुती केली नाही. फक्त पिशवीतून आणखी एक कापड काढून चटईवर ठेवलं. पिवळं रेशीम. नवरीचं.

"हे खालच्या टेलरला देनार हुते," ती म्हणाली. "दोन दिसांत हुईल न्हवं?"

वागियेमनं मान खाली घातली आणि होकार दिला. यावेळी तिनं बोटांवर दिवस मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नवरीचं रेशीम शिवत होती. बाहेर धुकं होतं. पोनिरा पाणी भरायला निघाली होती, तेव्हा तिला रस्त्यात म्बाह सादिनेम दिसली. हातात दोरी, दोरीला गेन्दुत. तो चालायला तयार नव्हता आणि म्हातारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. वागियेमच्या दारासमोर ती अचानक थांबली. आतून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, न अडखळता.

"ऐकलंत का, म्बाह?" पोनिरा म्हणाली. "रॉकेलची करामत!"

"कसलं रॉकेल!" सादिनेम धुक्यात कान देऊन उभी होती. तोंडभर हसत होती. "चाळीस वर्सं म्या बोंबलत हुते, तवा उठला न्हाई. मेल्यावर का हुईना, कामाला लागला!"